रिपोर्ट नॉर्मल, अंग मात्र ठणकतंय: फायब्रोमायल्जिया, गोळ्या आणि हळू चालणं

हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या एपिसोडचा लिखित मजकूर. ऐकायला वेळ नसेल किंवा घरच्यांना वाचून दाखवायचं असेल तर हा वापरा. बोलतानाचे ‘अं... म्हणजे...’ तेवढे काढलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

[००:००] हा एपिसोड कुणासाठी

आजचा विषय थोडा वेगळा आहे. आपल्या बहुतेकांच्या घरात किंवा शेजारी एक तरी माणूस असतं, ज्याचं अंग कायम दुखतं. आज खांदे, उद्या कंबर, परवा मांड्या. सकाळी उठल्यावर ‘झोपच लागली नाही’ म्हणतं. एक्स-रे काढला, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. मग हळूहळू घरात कुजबुज सुरू होते, ‘हिला काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत.’

अशा दुखण्याचं एक कारण फायब्रोमायल्जिया असू शकतं. हा आजार बायकांमध्ये जास्त आढळतो, पण पुरुषांनाही होतो आणि पंचविशी-तिशीतही होतो.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, अलिबागजवळ राहतो, घरून सॉफ्टवेअरचं काम करतो. माझ्या मावशीला हे निदान झालं, तेव्हापासून मी वाचतोय आणि तिच्याबरोबर ओपीडीत बसतोय. त्यामुळे औषधांची नावं मी समजण्यासाठी सांगणार आहे, मेडिकलमधून परस्पर आणण्यासाठी नाही.

एपिसोडचा मुद्दा एका वाक्यात असा: या आजारात गोळी दुखणं मिटवत नाही, ती हालचालीसाठी थोडी जागा करून देते. त्या जागेत रोज थोडी हालचाल बसवली तरच पुढे काही हाती लागतं.

[०१:४०] हे नेमकं असतं काय

फायब्रोमायल्जिया म्हणजे अंगभर पसरलेलं, तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं, आणि त्याच्या जोडीला थकवा, ताजंतवानं न करणारी झोप, विसरभोळेपणा. शब्द आठवत नाहीत, गॅसवर दूध ठेवलं तर विसरतं. इंग्रजीत याला ‘फायब्रो फॉग’ म्हणतात. आपल्याकडे ‘डोकं धुक्यात गेल्यासारखं’ म्हटलं की काम भागतं. अनेकांना सोबत डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी, हातापायांना मुंग्या असंही असतं.

यात सांधे झिजत नाहीत, सुजत नाहीत, वाकडे होत नाहीत. म्हणूनच एक्स-रेमध्ये काही दिसत नाही.

मग निदान कसं करतात? १९९०मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ र्‍ह्युमॅटॉलॉजीने ठरवलं होतं की अंगावरच्या १८ ठराविक जागा दाबायच्या आणि किमान ११ ठिकाणी दुखलं तर फायब्रोमायल्जिया. २०१०मध्ये ही दाबून बघायची अट काढली. आता अंगाच्या १९ भागांपैकी किती ठिकाणी दुखतं ते विचारतात, आणि थकवा, झोप, लक्षात राहणं यांना गुण देतात. २०१६मध्ये त्यात आणखी सुधारणा झाली.

म्हणजे हे निदान ‘काहीच सापडलं नाही म्हणून चिकटवलेलं लेबल’ नाही. त्याची स्वतःची लक्षणं आहेत. तरीही रक्ताच्या तपासण्या करतातच, कारण थायरॉईड कमी असणं, संधिवाताचे इतर प्रकार, ड जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेहाचा नसांवरचा परिणाम, यांतही अंग दुखतं. चिकुनगुनिया होऊन गेल्यावर सांधे महिनोन् महिने धरलेले असतात, तेही वेगळं ओळखावं लागतं. सीबीसी, ईएसआर, सीआरपी, टीएसएच, साखर या साध्या तपासण्यांनी बरंच कळतं. दर दोन महिन्यांनी नवीन एमआरआय काढत बसायची गरज सहसा नसते.

एक छोटी टीप. डॉक्टरांकडे ‘अंग दुखतं’ एवढंच सांगू नका. आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत बघा: ठणका, कळ, चमक, आग, रग, मुंग्या, कणकण, अंग मोडून येणं, अंग आंबणं. प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. मावशी आधी ‘दुखतंय’ म्हणायची. मग एकदा म्हणाली, “कुणी रात्रभर पाट्यावर रगडल्यासारखं वाटतं, आणि साडीचा काठ घासला तरी झोंबतं.” त्या एका वाक्यावर डॉक्टरांनी पुढचे दहा प्रश्न विचारले.

[०४:३०] रिपोर्ट नॉर्मल, मग दुखतं का?

हा भाग मला इंजिनिअर म्हणून सगळ्यात पटला.

दुखणं म्हणजे स्नायूतून थेट जाणिवेत येणारी वायर नाही. मधे पाठीचा कणा आणि मेंदू आहेत. तिथे सिग्नल मोठा होतो किंवा दाबला जातो. फायब्रोमायल्जियात तो मोठा करणारा भाग जास्त काम करतो, दाबणारा भाग कमी. देवळातल्या लाऊडस्पीकरचा आवाज कुणीतरी पूर्ण वाढवून ठेवलाय असं समजा. माइकसमोर माणूस हळूच बोलतोय, पण बाहेर कानठळ्या बसतात. माइक तपासला तर माइक चांगलाच निघणार. बिघाड अॅम्प्लिफायरच्या सेटिंगमध्ये आहे.

हे नुसतं उदाहरण नाही, मोजलेलं आहे. २००२मध्ये अमेरिकेत ग्रेसली आणि सहकाऱ्यांनी १६ रुग्ण आणि १६ निरोगी माणसांच्या अंगठ्याच्या नखावर दाब देत मेंदूचं एमआरआय स्कॅनिंग केलं. रुग्णांना साधारण २.४ किलोच्या दाबाला जेवढं दुखलं, तेवढं दुखायला निरोगी माणसांना ४ किलोहून जास्त दाब लागला. आणि कमी दाबालाही रुग्णांच्या मेंदूत दुखण्याशी संबंधित भाग खरोखर जागे झाले. नाटक करून मेंदूचा स्कॅन बदलता येत नाही. घरात कुणी ‘मनाचे खेळ’ म्हणालं, तर हा प्रयोग सांगा.

झोपेचा धागाही जुना आहे. १९७५मध्ये टोरांटोच्या मोल्डोफ्स्की आणि सहकाऱ्यांनी काही निरोगी तरुणांना गाढ झोप लागली की आवाज करून जरा उथळ झोपेत आणलं, पूर्ण जागं न करता. काही रात्रींतच त्यांचं अंग दुखायला लागलं, दाबल्यावर जास्त दुखायला लागलं. प्रयोग छोटा होता, पण दिशा कळते. झोप मोडली की दुखणं वाढतं, दुखणं वाढलं की झोप मोडते. या चक्रात कुठेतरी हात घालावा लागतो.

[०६:५०] आपल्याकडे, महाराष्ट्रात

‘हे श्रीमंत शहरी बायकांचे आजार’ असं एक वाक्य तुम्ही ऐकलं असेल. त्याचं उत्तर पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणमध्ये आहे.

१९९६मध्ये पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या गटाने भिगवण गावात घरोघरी जाऊन पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेल्या ‘कॉपकॉर्ड’ या कार्यक्रमाचा तो भाग होता. चार हजारांहून जास्त प्रौढ माणसांना विचारलं, तर साधारण १८ टक्के लोकांना हाडं-सांधे-स्नायूंचं दुखणं होतं. त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं संधिवाताच्या नेहमीच्या कप्प्यांत बसत नव्हतं. स्नायू आणि आजूबाजूच्या मऊ भागांचं, किंवा नीट नाव न देता येणारं होतं.

या सगळ्यांना फायब्रोमायल्जिया होता, असं मी म्हणत नाहीये. मुद्दा एवढाच की शेतात, चुलीपाशी, डोक्यावर ओझं वाहणाऱ्या माणसांनाही असं दुखणं असतं, आणि विचारायला गेलं तरच ते कळतं. इथे किनाऱ्यावर काय वेगळं असणार? पाटी डोक्यावर घेऊन मासळी विकणारी बाई असो, की दिवसभर बसून असोली सुपारी सोलणारी असो. ‘कामानं दुखतंय’ म्हणून ती दहा वर्षं काढते.

[०८:२०] गोळ्या: काय करतात, काय करत नाहीत

आधी काय चालत नाही ते बघू. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या नेहमीच्या पेनकिलर सूज उतरवतात. इथे सूजच नाही, त्यामुळे यांचा या दुखण्यावर फारसा उपयोग नाही, आणि महिनोन् महिने खाल्ल्या तर जठर आणि किडनी दोन्हीला त्रास. स्टेरॉईडचाही उपयोग नाही. गावात कुणी बिननावाची पुडी देत असेल आणि ‘दोन दिवसांत मोकळं वाटतं’ म्हणत असेल, तर जास्तच सावध राहा. अशा पुड्यांत स्टेरॉईड असू शकतं. मॉर्फिनच्या जातीची तीव्र औषधंही यात देऊ नयेत असंच तज्ज्ञांचं मत आहे.

मग काय देतात? तीन नावं वारंवार ऐकू येतील.

पहिलं, अमिट्रिप्टिलिन. खूप जुनं आणि स्वस्त औषध. नैराश्यासाठी देतात त्याहून बरंच कमी, म्हणजे अनेकदा १० मिलिग्रॅमपासून, रात्री. झोप सुधारते, दुखणं थोडं उतरतं. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, सकाळी गुंगी राहते. काचबिंदू, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास किंवा प्रोस्टेटची तक्रार असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं.

दुसरं, ड्युलोक्सेटिन. साधारण ३० मिलिग्रॅमपासून ६०पर्यंत नेतात. पहिले काही दिवस मळमळ होऊ शकते, म्हणून जेवणाबरोबर घेतात. लिव्हरचा त्रास, जास्त बीपी किंवा दारूचं व्यसन असेल तर सांगायचं.

तिसरं, प्रीगाबालिन. हे नसांतल्या सिग्नलचा जोर कमी करतं. गुंगी, चक्कर, पायांवर सूज, वजन वाढणं हे त्याचे त्रास. किडनी कमजोर असेल तर डोस बदलतो. डोस नवीन सुरू झाला असताना स्कूटर चालवू नका.

अमेरिकेच्या एफडीएने प्रीगाबालिनला २००७मध्ये, ड्युलोक्सेटिनला २००८मध्ये आणि मिलनासिप्रान नावाच्या औषधाला २००९मध्ये या आजारासाठी मान्यता दिली. युरोपच्या नियामकांनी याच तिघांना या आजारासाठी मान्यता नाकारली. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१च्या मार्गदर्शनात प्रीगाबालिनच्या गटाला नको म्हटलं, पण अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिनसारख्या औषधांचा विचार करता येईल असं सांगितलं.

एकाच आकड्यांवर एवढे मतभेद का? कारण फायदा खरा आहे, पण छोटा आहे. ड्युलोक्सेटिन किंवा प्रीगाबालिनच्या चाचण्या एकत्र केल्या तर साधारण सात ते चौदा जणांना औषध द्यावं, तेव्हा नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा एका जास्त माणसाचं दुखणं निम्म्यावर येतं. तो एक माणूस तुमची आई असेल तर औषध अमूल्य. ती नसेल, तर दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांशी बोलून बदलायचं. गोळी लागू पडली नाही म्हणजे आजार खोटा, असा अर्थ काढायचा नाही.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. यातल्या दोन गोळ्यांचं वर्गीकरण ‘नैराश्यावरची औषधं’ असं आहे. घरात कुणीतरी नाव गुगल करतं आणि म्हणतं, “बघ, डॉक्टरांनी तुला वेड्याची गोळी दिली.” मग बाई गोळी बंद करते. याचं उत्तर पाठ करून ठेवा. सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनालिन ही रसायनं मूडसाठी लागतात, तशीच कण्यामध्ये दुखण्याचा सिग्नल दाबायलाही लागतात. गोळी तीच, काम वेगळं. आणि समजा सोबत नैराश्य असलंच, तरी त्यात लाजण्यासारखं काय आहे? वर्षानुवर्षं दुखत असेल आणि कुणी विश्वास ठेवत नसेल, तर कुणाचाही धीर सुटेल.

तीन नियम. डोस हळू वाढतो, घाई नको. फायदा कळायला काही आठवडे लागतात, पण त्रास पहिल्याच आठवड्यात कळतो, म्हणून लोक नेमके चुकीच्या वेळी सोडून देतात. आणि या गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारून उतरवत आणायच्या. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर हे पहिल्याच भेटीत सांगा.

[१२:४०] व्यायाम: सगळ्यात भक्कम पुरावा याचाच

युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांची युलार नावाची संघटना आहे. त्यांनी २०१७मध्ये फायब्रोमायल्जियासाठी शिफारशी छापल्या. औषधं, थेरपी, अॅक्युपंक्चर, सगळं तपासलं. ‘जोरदार शिफारस’ फक्त एकाच गोष्टीला मिळाली: व्यायाम.

पण दुखणाऱ्या माणसाला ‘व्यायाम कर’ म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ. ते दोन उत्तरं देतात, आणि दोन्ही रास्त असतात.

पहिलं: “दिवसभर राबतेच ना मी, अजून कसला व्यायाम?” फरक असा आहे की काम कधी सुरू करायचं आणि कधी थांबवायचं हे तिच्या हातात नसतं. पाणी आलं की भरायचं, पाहुणे आले की रांधायचं. व्यायाम म्हणजे ठरवून, मोजून, सोसेल तेवढी हालचाल, आणि दुखणं वाढायच्या आत थांबण्याची मुभा.

दुसरं: “मागे केला होता, दोन दिवस उठता आलं नाही.” हेही खरंच असतं. कारण सुरुवातच जास्त झालेली असते.

या आजारातला नेहमीचा सापळा गणपतीत दिसतो. मुंबईहून चाकरमानी येणार, म्हणून चार दिवस साफसफाई, मोदक, वीस जणांचा स्वयंपाक. उत्साहात अंग साथ देतं. विसर्जन झालं की आठवडाभर अंथरूण. मग बरं वाटलं की राहिलेलं काम एकदम उरकायचं, आणि पुन्हा अंथरूण. बऱ्या दिवशी जास्त, वाईट दिवशी शून्य. अशाने दर फेरीला ताकद थोडी घटते.

त्यावर उपाय म्हणजे अंगाला कसं वाटतंय ते बघून नाही, तर घड्याळ बघून थांबायचं.

पायरी एक: वाईट दिवशीसुद्धा जमेल एवढा वेळ शोधा. मावशीचा आकडा पाच मिनिटं निघाला. हसू नका, पाच म्हणजे पाच.

पायरी दोन: दोन आठवडे तेवढंच. चांगल्या दिवशीही पाचच मिनिटं. हे सगळ्यात अवघड असतं.

पायरी तीन: मग आठवड्याला एखादं मिनिट वाढवायचं. चालल्यावर थोडं दुखणं चालेल. दुसऱ्या दिवशीही नेहमीपेक्षा बरंच जास्त दुखत असेल, तर आधीच्या आकड्यावर परत यायचं. शून्यावर नाही.

हळूहळू आठवड्यातून दोन-तीन वेळा अर्ध्या तासापर्यंत पोचलं तर उत्तम. संशोधनातले कार्यक्रम साधारण एवढेच असतात. पुढे खुर्चीवरून उठ-बस, भिंतीला हात टेकून हलके पुशअप, अशा ताकदीच्या हालचाली घालता येतात. सूर्यनमस्काराची हौस असेल तर बारा घालायला जाऊ नका, आधी त्यातली एकेक सोपी स्थिती करा. २०१८मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २२६ रुग्णांचा एक अभ्यास आला होता. त्यात चिनी पद्धतीची संथ ‘ताई ची’ ही एरोबिक व्यायामाइतकीच किंवा थोडी सरस ठरली. म्हणजे घाम गाळणं सक्तीचं नाही. जे आवडतं आणि टिकतं ते करा.

आता आपल्या किनाऱ्याचा फायदा. अक्षी, नागाव, वरसोली, काशीद, दिवेआगर: कुणाच्या घरामागेच पुळण आहे. पण वाळू वाळूत फरक असतो. कोरड्या भुसभुशीत वाळूत चालायला घट्ट जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त ऊर्जा लागते. पाच मिनिटांचं अंगाला दहा मिनिटांचं पडतं. ओहोटीला उघडी पडणारी ओली, दडस वाळू निवडा. आणि पुळणीला पाण्याकडे उतार असतो, म्हणून जेवढं जाल तेवढंच त्याच वाटेने परत या, म्हणजे एकाच पायावर ताण राहत नाही.

ओहोटी कधी? घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, त्यांना गणित पाठ असतं: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास आणि ओहोटी सहा तासांनी, नऊला. सकाळी आठ-नऊला पुळण मोकळी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाचच्या आसपास. अष्टमीला मात्र भरती सहाला, सकाळ-संध्याकाळ पाणी वर, तेव्हा रस्त्यावर किंवा वाडीत चाला. हा ढोबळ अंदाज आहे, नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघा.

पाण्यातल्या व्यायामाचाही उपयोग होतो, पण ते अभ्यास बहुतेक कोमट पाण्याच्या तलावातले आहेत. आपला समुद्र म्हणजे तो तलाव नाही. गुंगी आणणारी गोळी घेऊन लाटांत उतरू नका. पावसाळ्यात किनारा विसराच. पडवीत किंवा ओटीवर फेऱ्या मारा. मिनिटं तीच.

[१७:००] तुम्ही काय करू शकता

हा भाग खास तुमच्यासाठी, कारण फोन तुमच्या हातात आहे.

एक, रोज रात्री तीन आकडे लिहा: झोप कशी होती, किती मिनिटं चाललो, आणि दुखणं दहापैकी किती. दिवसातून एकदाच. तासातासाला दुखणं मोजत बसलं तर लक्ष दुखण्यावरच राहतं. मी मावशीसाठी एक साधी शीट केली आणि दर महिन्याची सरासरी काढतो. आठ महिन्यांत तिचं चालणं पाचवरून वीस मिनिटांवर आलं. दुखण्याचा आकडा सातवरून पाचवर. सात आणि पाच, फार वाटत नाही ना? पण या फरकात ती भाचीच्या लग्नात पूर्ण वेळ बसली, आणि रात्री एकदाच जाग येते. या आजारात यश म्हणजे बहुतेकदा एवढंच असतं. ‘पूर्ण बरं’ म्हणणाऱ्या जाहिराती दिसल्या की स्क्रोल करा.

दोन, ओपीडीला एक पान घेऊन जा: कधीपासून दुखतं, कुठे कुठे, झोप, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, आधीच्या तपासण्या. गर्दीत डॉक्टरांना पाच मिनिटं मिळतात, ती जुनी फाइल चाळण्यात जायला नकोत.

तीन, प्रवासाचा हिशोब करा. संधिवाताचे तज्ज्ञ बहुतेक मुंबई-पुण्यात आहेत. परळच्या केईएममध्ये संधिवाताचा स्वतंत्र विभाग आहे. मुरूड किंवा श्रीवर्धनकडच्या माणसाला एसटी, मग मांडव्याहून बोट, मग टॅक्सी. आजारी माणसाची दोन दिवसांची ताकद त्यातच संपते. आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी काम ठेवू नका. निदान एकदा पक्कं झालं की पुढची देखरेख अलिबागच्या जिल्हा रुग्णालयातले किंवा गावाजवळचे फिजिशियनही करू शकतात. सरकारची ई-संजीवनी ही टेलिमेडिसिन सेवाही आहे.

चार, झोप. उठायची वेळ रोज एकच, रविवारीही. रात्री फोन लांब. हे तिला सांगताना आपलाही फोन खाली ठेवा, नाहीतर ती ऐकणार नाही.

पाच, आणि हे फुकट आहे: विश्वास ठेवा. “कालपर्यंत तर बरी होतीस” हे वाक्य बंद करा. “आज किती जमेल?” असं विचारा. फरक पडतो.

[१९:२०] हे दिसलं तर थांबू नका

निदान झालं म्हणून प्रत्येक नवीन दुखणं फायब्रोमायल्जियाच्या खात्यात टाकायचं नाही. सांधा दिसण्याइतका सुजला, सकाळचा ताठरपणा तासाहून जास्त टिकायला लागला, ताप राहतोय, वजन आपोआप उतरतंय, एका हातात किंवा पायात जोर नाही, लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर लगेच डॉक्टर गाठा. छातीत दाबल्यासारखं झालं तर थेट इमर्जन्सी. आणि गोळी सुरू झाल्यावर जीव नकोसा वाटायला लागला, तसे विचार यायला लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना आणि घरच्यांना सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

[२०:१०] या आठवड्याचं काम

जास्त काही नाही. ज्या व्यक्तीसाठी तुम्ही हे ऐकलंत, तिला हा एपिसोड पाठवू नका. तिच्याबरोबर बसून ऐका. मग तिला विचारा, वाईट दिवशी किती मिनिटं चालता येईल. जो आकडा येईल, तो तीन असला तरी, फोनमध्ये लिहा आणि उद्या तेवढीच मिनिटं तिच्याबरोबर चाला. आकडा संपला की थांबा, गप्पा रंगल्या असल्या तरी. गोळीचं डॉक्टर बघतील.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, मराठीत, कोळी-आगरी बोलीत, कशीही. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातले काही प्रश्न घेऊ. तोपर्यंत, काळजी घ्या आणि हळू चाला.